मालकाच्या फोनवर गेलेला कोड

परळ, ७ एप्रिल २०२५

सीमा,

पत्राचा पहिला परिच्छेद समोरच्याचा आणि दुसरा आपला, असं आमच्या शाळेतल्या सिस्टर बर्नाडेट शिकवायच्या. तेव्हा आधी तुझं. नागपूरचा उन्हाळा सोसवतो का? तुझ्या गौतमने बाल्कनीला जाळी बसवून घेतली का? शेवटचं बोललो तेव्हा तुला कबुतरांनी वैताग आणला होता. त्याला आता दोन वर्षं होतील.

आता माझा परिच्छेद. गेल्या आठवड्यात तुझ्या फोनवर सहा आकड्यांचे मेसेज आले असतील. एक नाही, पुष्कळ. ते माझ्यामुळे आले. मला कळतच नव्हतं की ते तुझ्याकडे येताहेत.

झालं असं. आपल्या सर्व्हरवर जे सुरक्षेचं सॉफ्टवेअर आहे, तू घेतलेलं, त्याच्या वर एक पिवळी पट्टी दिसायला लागली. लायसन्स तपासा, म्हणे. मी कंपनीची वेबसाईट उघडली. पासवर्ड कोणाला आठवतोय! 'पासवर्ड विसरलात?' असं विचारलं होतं, मी 'हो' म्हटलं. तर उत्तर आलं की मालकाच्या मोबाइलवर कोड पाठवला आहे. मी माझा मोबाइल हातात घेऊन बसले. काही येईना. पुन्हा दाबलं. फोन बंद करून चालू केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी श्रेया (सकाळच्या बॅचला हल्ली ती शिकवते, तू तिला पाहिलेलं नाहीस) माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "टीचर, नंबराचे शेवटचे दोन आकडे बघा ना, तुमचे कुठे आहेत?"

तुझे होते. तेव्हा आठवलं, खरेदीच्या दिवशी मी गिरगावात सासऱ्यांच्या उशाशी होते आणि सगळं तूच भरलं होतंस. म्हणजे कंपनीच्या लेखी आपल्या टायपिंग क्लासच्या सुरक्षेची मालक तू आहेस. मी मात्र दुसऱ्याच्या दाराची बेल वाजवून आपल्या घरात दार उघडायची वाट बघत बसले होते.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. मेच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा मंडळाचे तपासनीस येणार आहेत. परीक्षेचं सॉफ्टवेअर ज्या सर्व्हरवर चालतं त्याला चालू लायसन्सची सुरक्षा हवी, असा त्यांचा नियम आहे. ती नसेल तर आपलं केंद्र जाईल आणि आपल्या मुलींना परीक्षेला थेट बदलापूरला पाठवतील. मुली जातील गं कशाबशा. पण मीराबाई? आठवतात ना तुला? हॉस्पिटलात आया आहेत, तुझ्याकडे मराठीचा अर्धा कीबोर्ड करून गेल्या होत्या. त्या परत आल्यात. क्लार्कच्या जागेसाठी त्यांच्या खात्याला टायपिंगचं सर्टिफिकेट लागतं आणि वयाच्या अटीत बसणारी ही त्यांची शेवटची परीक्षा. ड्यूटी संपवून त्या हिंदमातापर्यंत चालत येऊ शकतात. बदलापूरला नाही जाऊ शकत.

मला फक्त तो कोड हवा आहे. पुन्हा बटण दाबीन तेव्हा येईल तो कळव.

शकू


परळ, १२ एप्रिल २०२५

सीमा,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचायला वेळ लागतो हे मी विसरलेच, हल्ली कोण लिहितं! पण आज जे कळलं ते कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि ह्या विषयात इथे दुसरं कोणी तुझ्याइतकं भांडलेलं नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांकडून अभिषेक नावाचा मुलगा आला होता. लालबागचाच आहे. मसाल्याच्या गल्लीतून आल्यामुळे शिंकतच वर आला. बसला, पाणी प्यायला आणि विचारलं, "टीचर, तुमच्याकडे मशीन किती?"

"बारा," मी म्हटलं.

"ती मशीन नाहीत ना. थिन क्लायंट आहेत."

"बरं, मग मशीन किती?"

"झीरो."

मीराबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या हात थांबवून म्हणाल्या, "अरे देवा! झीरो मशीनवर मार्चपासून मी बोटं मोडतेय होय?"

मग त्याने समजावलं. तुला हे माहीत असेल, मला ते आज पहिल्यांदा नीट कळलं. आपल्या टेबलावरच्या डबीत साठवायला काहीच नसतं. ती फक्त बोटं नेते आणि चित्र आणते. मीराबाईंनी 'क' दाबला की तो पार नवी मुंबईत महापेला जातो, तिथल्या होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर उमटतो, आणि त्याचं चित्र इकडे पडद्यावर येतं. मी अभिषेकला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः 'क' दाबून बघितला. म्हटलं, जाऊन येतोय तर कुठेतरी धाप लागेल. नाही गं, काही कळत नाही! मी लागोपाठ दाबत राहिले. एवढा मोठा बाप्या हसायला लागला.

डब्या आणायच्या ठरल्या तेव्हा तू म्हणाली होतीस, "ज्याच्या पोटात काही नाही त्या डब्यावर पोरी काय शिकणार?" पोटाबद्दल तुझं बरोबर होतं, हे लिहायला हवं.

"मग पोटात काही नाही, तर त्याला रोग काय होणार? लायसन्स कशाला?" मी विचारलं.

"डबीला नाही लागत टीचर. सर्व्हरला लागतं. आणि डबीवरून आत जो बसतो तो मोजला जातो."

आणि खरी गोम पुढेच आहे. तू घेतलेलं लायसन्स आपल्या जागेत ठेवलेल्या, आपल्या मालकीच्या सर्व्हरसाठी होतं. तो जिन्याखाली होता तोवर सगळं कायद्यात होतं. मग त्यातलं सगळं होतं तसं, आतल्या सुरक्षेसकट, महापेच्या भाड्याच्या सर्व्हरवर हलवलं. सुरक्षा तिथेही चालू राहिली, पण लायसन्स तिकडे लागूच नाही. दुसऱ्याच्या सर्व्हरवर, भाड्याच्या जागेत, वेगळं लायसन्स असतं. म्हणजे दोन वर्षं आपण कोणाला न कळता, स्वतःलाही न कळता, नियमाबाहेर आहोत.

मी म्हटलं, मग हे काढून दुसऱ्या कंपनीचं नवीन घालू. तेही होत नाही! एकावर एक दोन चालत नाहीत, आणि जुनं काढायलासुद्धा मालकाचा कोड लागतो. आत शिरलेल्या चोराला ते काढता येऊ नये म्हणून तशी सोय आहे. तुझी परवानगी नसेल तर मी आणि चोर सारखेच.

मोजायचं कसं, यावर आम्ही तासभर बोललो. मला गिरगावातली खानावळ आठवली, बाबा सुट्टीत आम्हाला न्यायचे ती. समज, तिथे पाट मोजले तर ती एक पद्धत झाली. महिन्याच्या मेंबरांची नावं मोजली, मग कोणी जेवायला येवो न येवो, तर ती दुसरी. आणि एका पंगतीला जास्तीत जास्त किती बसतात ते मोजलं तर तिसरी. अभिषेक म्हणाला, "टीचर, तुम्ही आमच्या ऑफिसात ट्रेनिंग द्या." नव्या लायसन्समध्ये तो नावं मोजू या म्हणतोय. मी म्हटलं, बघू.

मालकाचं नाव वगैरेबद्दलही तो काही म्हणत होता. ते नंतर.

शकू


परळ, १६ एप्रिल २०२५

सीमा,

परवा जयंतीला तुझ्या चाळीत गेले होते. तू नसताना जावं की नाही, जिन्यापाशी क्षणभर थांबले, पण तुझ्या वहिनीने गॅलरीतून बघितलं आणि ओरडली, "शकूताई, पाहुण्यासारख्या खाली काय उभ्या?" पांढरी साडी, केसांत फूल, आणि खिरीचं पातेलं सांभाळत ती सगळ्यांना आवरत होती. मला खीर दिली, वर पुन्हा दिली. तुझ्याबद्दल मी काही विचारलं नाही. तिनेच सांगितलं, "ती तुमचं नाव काढत नाही. पण क्लासचं मात्र फोनवर विचारते. पंखा दुरुस्त झाला का, म्हणून."

झाला. दाराजवळचा. तिला सांगायचं राहिलं.

काल अभिषेकने सर्व्हरवरची नावं उघडून दाखवली. मी चष्मा पुसून बघत राहिले. खाली खाली जात राहिली गं ती यादी! आज येणाऱ्या मुली सोड. लग्न होऊन विरारला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, कुरियर कंपनीत चिकटलेली, इंग्रजीच्या तिसऱ्या धड्यानंतर न दिसलेली, सगळ्या तिथे आहेत.

"ह्या कोण सगळ्या?" अभिषेकने विचारलं.

"आमच्या."

"येतात?"

"नाही."

"मग डिलीट मारू? नावावर मोजणार तर ह्या सगळ्या लायसन्समध्ये धरल्या जाणार. सिलेक्ट ऑल, एक क्लिक."

त्याचं बोट माउसवर होतं. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला, खरंच ठेवला. त्याला तुझा नियम सांगावा लागला. टाइपरायटरच्या दिवसांपासून आपल्या हजेरीत सोडून गेलेल्या मुलीच्या नावाखाली रेघ मारायची, नावावर मारायची नाही. ती कधीही आली तरी तिचं नाव तिथे असणार आणि ती जिथे सोडून गेली त्याच धड्यापासून बसणार. 'पहिल्यापासून कर' असं कोणाला म्हणायचं नाही. हा नियम तू पहिल्याच वर्षी घातलास, आणि मी तेव्हा हसले होते, कारण आमच्या शाळेत तीन दिवस न सांगता गैरहजर राहिलं की नाव जायचं आणि वडिलांना सिस्टरसमोर उभं राहावं लागायचं. मला वाटायचं, शिस्त म्हणजे तीच.

मीराबाई ऐकत होत्या. त्यांनी खुर्ची ओढली. "ए भाऊ, ह्याच्यात माझं नाव बघ जरा. मीराबाई सोनावणे."

त्याने शोधलं. होतं. तू स्वतः घातलेलं, पुढे धड्याचा नंबर.

"सासू अंथरुणाला खिळली तेव्हा मी सोडलं," त्या म्हणाल्या. "परत आले तेव्हा ह्या टीचर म्हणाल्या, बसा, तुमचा धडा उघडलाय. मला वाटलं, मस्करी करतात. तू एक क्लिक मारला असता तर मी काय बदलापूरला नाव शोधायला गेले असते?"

अभिषेकने माउस सोडला. मुलगा चांगला आहे. डोकं खाजवून म्हणाला, "मग टीचर, पंगतीने मोजू. तुमच्याकडे डब्या बारा, एका वेळी बारांच्या वर कोणी बसूच शकत नाही. नावं राहू देत किती पण."

बघ, सुटलं! मेंबर कितीही असोत, मोजायची फक्त पंगत. दिवसभर मी खुशीत होते. घरी जाताना हिंदमाताला उगीचच एका दुकानात शिरून साड्या बघितल्या. तू असतीस तर "घ्यायची नाहीये तर घड्या कशाला मोडायला लावतेस त्याला?" म्हणाली असतीस.

आता सगळं तयार आहे. अर्ज भरलेला आहे, मोजमाप ठरलेलं आहे. फक्त तुझा कोड. बाकी काही फार मोठं नाही, एक बटण आहे.

शकू


परळ, २२ एप्रिल २०२५

सीमा,

तुझं पोस्टकार्ड आलं.

पोस्टमन वर आला तेव्हा दुपारची बॅच बसली होती. कार्डावर तुझं अक्षर बघून मी काय केलं असेल? चष्मा असूनही श्रेयाला म्हटलं, तू वाच. तिने दोन्ही बाजू बघितल्या. "टीचर, एवढंच आहे. शकू, आलेला कोड ४७१९०६. सीमा."

मी अभिषेकला फोन लावला. तो जवळच कुठेतरी होता, धावत आला. कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, शिक्का बघितला, आणि खुर्चीतच बसला.

"टीचर, ओटीपी पोस्टाने आला?"

"नागपूरहून."

"अहो, हा दहा मिनिटं जगतो. पेटीत पडायच्या आधीच मेला असेल."

मग तो जो हसायला लागला! श्रेया हसली, मुली हसल्या. मीराबाईंनी मात्र दम भरला, "हसू नका रे. त्या बाईने लिहून पाठवलंय ना? टाकून तर बघा." म्हणून मी टाकला. एकेक आकडा, तुझ्या अक्षराकडे बघत. 'कोड वैध नाही' असं आलं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पण मला सारखं एक कोडं पडलंय. तुझ्या फोनवर मेसेज आला. तोच फोन तुझ्या हातात होता. माझा नंबर तुला पाठ आहे. तरी तू तो आकडा कागदावर उतरवलास, पत्ता लिहिलास, आणि नागपूरच्या एप्रिलमध्ये पेटीपर्यंत चालत गेलीस. हे दहा मिनिटांत मरतं, हे तुला माहीत नव्हतं की होतं? माझी पत्रं आली म्हणून पत्रानेच उत्तर द्यायचं, असा हिशेब होता? की मदत तर करायची पण आवाज ऐकायचा नाही? मी उत्तर मागत नाही. कुतूहल आहे, एवढंच.

तू जाताना म्हणालीस, "तुझी हौस होती, माझं ते पोट होतं." ते खरं होतं. पण अर्धंच. हौशीने कोणी तीस-बत्तीस वर्षं रोज गिरगावातून परळला येत नाही.

ते जाऊ दे. आता असं करू या. सोमवारी, अठ्ठावीस तारखेला, सकाळी अकरा वाजता मी बटण दाबीन आणि लगेच तुला फोन करीन. तुझ्या फोनवर माझा नंबर बंद केला असशील, म्हणून श्रेयाच्या फोनवरून करते. तू फक्त आकडे वाच. दुसरं काही बोलायची सक्ती नाही.

तपासनीस सहा मेला येणार असं पक्कं झालंय. मीराबाई हल्ली ड्यूटीआधीही येऊन बसतात. त्यांचा वेग वाढलाय, चुका पण.

शकू


परळ, २९ एप्रिल २०२५

सीमा,

कालच्या फोनवर तू होतीस तशीच मीही होते, मग त्याच्याबद्दल पत्र कशाला, म्हणशील. पण ह्या बाजूला काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही. तेवढंच लिहिते.

श्रेयाच्या फोनवर माझं बोट कुठेतरी लागलं आणि स्पीकर चालू झाला. मला बंद करता येईना, आणि तोवर तू उचललास. तू "हॅलो" म्हणालीस आणि अख्खी बॅच थांबली. सगळ्यांची बोटं कीबोर्डवर तशीच, हवेत. तुला ओळखणाऱ्या त्यात फक्त मीराबाई, पण नाव ऐकलं नाही अशी एकही मुलगी नाही.

तू आकडे डिक्टेशनसारखे सांगितलेस. थांबून, स्पष्ट, आवाजात चढउतार नाही. दोन मुलींनी सवयीने टाइप करायला घेतलं.

पाच झाले आणि तू थांबलीस.

"शेवटचा सांगण्याआधी एक सांग," तू म्हणालीस. "हा टाकला की काय होणार?"

"लायसन्स आपल्या नावावर येणार."

"आपल्या म्हणजे कोणाच्या?"

मी अभिषेककडे बघितलं. तो पंख्याकडे बघत होता. "माझ्या," मी म्हटलं.

"आणि माझं नाव?"

"तिथे एकच नाव बसतं गं."

चार पत्रं लिहिली मी तुला, आणि हे एका पत्रात लिहिलं नाही. नंतर सांगते म्हटलं, फार मोठं नाही म्हटलं. अभिषेकने पहिल्याच दिवशी दोन रस्ते सांगितले होते. मालक तोच ठेवून लायसन्स बदलता येतं, किंवा आधी मालक बदलून मग लायसन्स. मी दुसरा निवडला, कारण भाड्याच्या सर्व्हरचं हे लायसन्स वर्षाचं नसतं, महिन्याचं असतं. दर एक तारखेला पंगत किती ते कळवायचं आणि मालकाच्या कोडने पक्कं करायचं. दर महिन्याला तुझ्या दारात कसं उभं राहू, असा विचार केला. निदान स्वतःला मी तसं सांगितलं.

मग तू जे म्हणालीस ते सगळ्यांनी ऐकलं, हे तुला माहीत नाही. "तिसरा धडा करून पळालेल्या पोरींची नावं ठेवलीस. मीराबाईचं ठेवलंस. आणि पुसायला माझंच सापडलं होय गं तुला?"

मी नुसती समोर बघत बसले. पडद्यावर कोडचं घड्याळ उलटं चाललं होतं. मीराबाई उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, पण त्याही बोलल्या नाहीत; आणि सीमा, ह्या सगळ्यात जर कोणाला "सांगा ना तो आकडा" असं ओरडायचा हक्क होता तर त्यांना होता. घड्याळ संपलं. कोड गेला. अभिषेकने कपाळावर हात मारला. मला वाटलं, आता तू फोन ठेवशील आणि आपलं केंद्र बदलापूरला जाईल.

तू ठेवला नाहीस. तुझा श्वास ऐकू येत होता, मागे कुकर. मग तू म्हणालीस, "दुसरा मागव. मालक बदलायचा नाही. नुसतं लायसन्स फिरवायचं, त्याचा मागव."

"दर महिन्याला लागेल गं. दर एक तारखेला."

"मग लागू दे. मी कुठे चाललेय?"

त्यावर मीराबाईंना राहवलं नाही. "सीमाताई, पुढच्या वेळेला पत्र नका टाकू हां!" आणि तू विचारलंस, "कोण ते? मीराबाई? कुठवर आलात?" त्यांनी वेग सांगितला. तू म्हणालीस, "चुका?" त्यांनी जीभ चावली. तू इतक्या लांबून, दोन वर्षांनी, विचारल्यास त्या चुकाच! बॅच जी हसली ती तुझ्या आवाजाला.

दुसरा कोड आला, तू सहाही आकडे सांगितलेस, मी टाकले. पिवळी पट्टी गेली. अभिषेकने विचारलं, "टीचर, पक्कं ना? मालक त्याच? दर महिन्याला धावपळ होईल तुमची." मी म्हटलं, होऊ दे.

तू तेवढ्यात फोन ठेवला होतास. "बरं, ठेवते" एवढंच. मला अजून बोलायचं होतं.

शकू


परळ, ९ मे २०२५

सीमा,

तपासनीस येऊन गेले. एक बाई होत्या, बारीक नजरेच्या. त्यांनी सर्व्हर कुठे आहे विचारलं, मी महापे म्हटलं. डब्या उचलून वजन बघितलं, जसं मी पहिल्या दिवशी बघितलं होतं. मग लायसन्सचा कागद वाचला.

"एकाच वेळी बारा, होस्टेड," त्या पुटपुटल्या. "आणि ह्या सीमा कांबळे कोण? समोर दिसत नाहीत."

"मालक," मी म्हटलं. "नागपूरला असतात."

त्यांनी तसंच लिहून घेतलं. केंद्र राहिलं. मीराबाईंचं हॉल तिकीट आपल्याच पत्त्याचं येईल. त्यांनी आज पेढे आणले, निकालाआधी पेढे कसले, म्हटलं, तर म्हणाल्या, "हे बदलापूरला न जाण्याचे." तुझ्या वाटचा तुझ्या वहिनीकडे दिलाय, तो काही नागपूरला पोचणार नाही, तिची मुलं खातील.

आता पुढचं. एक जूनला रविवार आहे, क्लास बंद असतो. पण मेचा हिशेब त्याच दिवशी कळवायचा, म्हणजे पहिला कोडही त्याच दिवशी लागणार. मी अकरा वाजता येऊन कुलूप उघडीन. कोणी नसेल, त्यामुळे स्पीकरची भीती नाही. माझ्याच नंबरवरून करीन, तो बंद असेल तर सुरू करून ठेव. तू निवांत बसलीस की सांग, मग मी बटण दाबते.

आणि आकडे सांगून झाले की लगेच "बरं, ठेवते" करू नकोस. मी ते पटकन टाकीन, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. कोडला दहा मिनिटं दिलेली असतात. उरलेली आपली.

शकू